पोटखराब्यातला किल्ला

तमाम जनतेस, तसेच जनतेत मोडत नसलेल्या सरकारी नोकरांस, या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, भिवंडी तालुक्यात अंबाडीच्या पलीकडे एका डोंगराच्या माथ्यावर कित्येक शतके हरवलेला एक किल्ला सापडलेला आहे. सापडल्याला आता चाळीसेक वर्षे होत आली. कोणाची हरकत असल्यास ती आता घेऊन उपयोग नाही, कारण हरकत घेणारा गृहस्थ आणि हरकत नोंदवून घेणारा गृहस्थ, दोघेही वरच्या कचेरीत रुजू झाले आहेत. आणि त्या हरकतीची स्वच्छ अक्षरात नक्कल काढणारा मी आता दोन जिने चढलो तरी मध्ये कठड्याला टेकतो.

किल्ला ज्यांनी शोधला त्यांचं नाव सांगणार नाही. त्यांचा एक नातू वकील आहे. कचेरीत त्यांना सगळे नाना म्हणत, तेवढं पुरे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि भिवंडीच्या जमीन मोजणीच्या कचेरीत ट्रेसर म्हणून नवा लागलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून त्याच रेघा पुन्हा काढणारा माणूस. या कामाला अक्कल लागत नाही, उलट असली तर आडवी येते, असं आमचे हेडक्लार्क म्हणत, आणि माझी नेमणूक योग्य झाल्याबद्दल समाधान व्यक्त करत. कचेरीच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम होते. सकाळची शिफ्ट सुरू झाली की टेबलावरच्या दौती आपोआप सरकू लागत. नाना म्हणत, या आवाजात चुकीची बेरीजसुद्धा ठणकावून केल्यासारखी वाटते.

नाना आमच्यातले सर्वांत जुने मोजणीदार. बुटके, काटक, डोक्यावर काळी टोपी, पायात टायरच्या चपला आणि हातात छत्री. छत्रीवर दांड्यापासून टोकापर्यंत इंचाच्या खुणा कोरलेल्या. पाऊस आला तर ती उघडत नसत, कारण उघडल्यावर ती मोजायला निरुपयोगी होते. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं. पंचवीस वर्षं शेतं मोजून ते तसं झालं होतं आणि आता त्यांना वेगळं चालताच येत नसे. चालताना ते मनात आकडे मोजत. त्यामुळे बाजारपेठेतून त्यांच्याबरोबर जाणं हा एक सोहळा असे. समोरून कोणी “नमस्कार नाना” म्हणालं की नाना हात जोडून “एकशे बेचाळीस” म्हणत आणि पुढे जात. नवखा माणूस बुचकळ्यात पडे. जुन्यांना सवय होती. एक पानवाला तर त्यांना पाहिलं की स्वतःच विचारायचा, “काय नाना, किती झाले?”

एकदा शहरातल्या एका लूमच्या शेडची मोजणी होती. मालक उत्तरेकडचा, अदबीचा माणूस. नानांनी साखळी टाकली, झेंडे रोवले आणि मग अर्धा तास शेडमागच्या एका उंचवट्याकडे टक लावून पाहत उभे राहिले.

“सेठ,” नाना म्हणाले. नानांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा सावकाश बोललेलं. “ये टेकाड पुराना है. इधर कोई तो बसा हुआ था.”

“जी साब, मेरे मामू बैठते थे,” मालक म्हणाला. “उधर हवा आती है.”

नानांनी वहीत लिहिलं: ‘टेकाड. वस्ती: मामू. अधिक तपास करावा.’ त्या शेडचा नकाशा वेळेवर झाला की नाही, मला आठवत नाही. टेकाडाचा मात्र झाला होता. मीच ट्रेस केला.

हा असला नाद त्यांना पहिल्यापासून नव्हता. त्यामागे एक दुखणं होतं, आणि ते मला हळूहळू कळलं.

शेताच्या नकाशात जो भाग पिकत नाही, खडक, ओढा, खाचखळगे, त्याला आमच्या दप्तरात पोटखराबा म्हणतात. तरुणपणी, नवी नोकरी असताना, नाना अंबाडीपलीकडच्या एका गावाची मोजणी करायला गेले होते. गावामागे उखळ्याचा डोंगर. वैशाखातली दुपार, अंगात आळस. नानांनी डोंगर खालूनच पाहिला, करवंदीखाली आडवे झाले, आणि उठल्यावर नकाशात त्या अख्ख्या डोंगरावर ‘पोटखराबा’ असं लिहून मोकळे झाले. वर गेलेच नाहीत.

पुढे पंचवीस वर्षांनी, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, कसल्याशा हद्दीच्या वादात ते त्या डोंगरावर पहिल्यांदा चढले. माथ्यावर एक गुराखी बसला होता. त्याने खडकातल्या एका गोल खळग्यात मिरच्या आणि सुका बोंबील टाकून दगडाने चटणी वाटायला घेतली होती. डोंगराचं नाव उखळ्याचा, ते यावरूनच. गावाचं म्हणणं, पांडव इथं मुक्कामाला होते तेव्हा द्रौपदीने या उखळांत भात सडला. नानांनी चटणी खाल्ली, चांगली झाली आहे म्हणाले, आणि उठून पाहतात तर तसलेच खळगे पुढे ओळीने आणखी पाच, आणि समोर सहा. मध्ये छत्रीने मोजून सारखं अंतर.

“चटणी वाटायला कोणी दोरी लावून बारा उखळं खोदत नाही,” नाना मला सांगत. “ही खांबांची भोकं. वर लाकडी वाडा होता, वाड्यात माणसं होती, आणि मी काय लिहिलं? पोटखराबा. बोंबलाला कळलं ते मला कळलं नाही.”

तेव्हापासून दर रविवारी नाना उखळ्यावर. सरकारी साखळी खासगी कामाला वापरायची नाही म्हणून त्यांनी भंगारातून जुनी साखळी घेतली होती. तिच्या चार कड्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक मापातून ते चार कड्या वजा करत. मला त्यांनी बरोबर घेतलं ते माझ्या अक्षरासाठी. त्यांचं स्वतःचं अक्षर खेकड्याने शाईत पाय बुडवून केलेल्या फेरफटक्यासारखं होतं. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने अंबाडी, तिथून पायी गाव, गावातून डोंगर. माथ्यावर पोचायच्या अलीकडे एका ठरावीक जागी नाना चपला काढून हातात घेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “इथं कुठंतरी दरवाजा असणार. दुसऱ्याच्या घरात चपला घालून कसं जायचं?”

कुठंतरी असणार, पण होता कुठं? हीच तर सगळी रड होती. दोन वर्षांत नानांनी सात वस्तू शोधून काढल्या: पाण्याची खडकात खोदलेली दोन टाकी, तो उखळांचा खडक, एक जोतं, पायऱ्यांचा एक तुकडा, तटाचा एक तुकडा, आणि बुरूज असावा असा एक गोल ढीग. दरवाजा नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला की, उखळ्याच्या डोंगरावरचा ‘पोटखराबा’ हा शेरा माझी चूक असून तो खोडून तिथे ‘किल्ला’ असे लिहावे. अर्ज ठाण्याला गेला. ठाण्याचे साहेब नवे आणि तडफदार होते. त्यांनी अर्जावर एका ओळीत लिहिलं: ‘दरवाजा दाखवावा. दरवाजा असल्यास किल्ला, नसल्यास खडक. समक्ष पाहणी करीन.’ पाहणीची तारीख आली ती नानांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातली.

नाना म्हणाले, “एका दुपारच्या झोपेची चूक पंचवीस वर्षं सरकारी शिक्क्याने जिवंत राहिली. मी घरी बसेन आणि ती कचेरीतच राहील. हे बरं नाही.” असं ते हसत म्हणाले, पण त्या दिवशी बाजारातून जाताना त्यांनी नमस्काराला साधा नमस्कार केला. पानवाला काळजीत पडला.

दरवाजा शोधायच्या नानांच्या युक्त्या मी एकेक सांगितल्या तर हे पान पुरणार नाही. दोन सांगतो.

पहिली हेडक्लार्कांची. नानांचा सिद्धान्त असा, की किल्ला बांधणारे वेडे नव्हते. शत्रू चढून चढून जिथं दमून गुडघ्यावर येतो, नेमका तिथं ते दरवाजा ठेवतात.

“पण नाना, आपल्याकडे शत्रू कुठं आहे?” मी विचारलं.

“हेडक्लार्क आहेत,” नाना म्हणाले.

आमचे हेडक्लार्क देहाने प्रशस्त होते. खुर्चीतून उठायच्या आधी ते दोनदा विचार करत आणि बहुतेक वेळा तो विचार बदलत. नानांच्या घरच्या वालाच्या बिरड्याची आणि तांदळाच्या भाकरीची लालूच दाखवून नानांनी त्यांना उखळ्याच्या पायथ्याशी आणलं. डबा पुढे माझ्या हातात. मागे हेडक्लार्क, त्यांच्यामागे वही घेऊन नाना. पंधरा मिनिटांत हेडक्लार्क एका दगडावर बसले.

“दरवाजा,” नाना मला म्हणाले. “खूण कर.”

मी नकाशावर त्रिकोण काढला. हेडक्लार्क उठले, वीस पावलं चालले आणि पुन्हा बसले. मी दुसरा त्रिकोण काढला.

“नाना,” हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले, “मी इथं बसतो ते तुम्ही का लिहून घेता? वर कळवणार आहात का?”

“तुम्ही इतिहासाची सेवा करता आहात.”

“मग ती बसूनच करतो.”

माथ्याला पोचेपर्यंत नकाशावर नऊ त्रिकोण झाले. नऊ दरवाजे लग्नाच्या मांडवालाही नसतात. वर पोचल्यावर हेडक्लार्कांनी सगळं बिरडं एकट्याने संपवलं आणि उतरताना आणखी चार वेळा बसले. नाना म्हणाले, “उतरतानाचे धरू नकोस. शत्रू उतरताना आपला नसतो.”

दुसरी युक्ती सांगण्याआधी म्हातारबाला आणलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही.

आमच्या खात्याचा नियम असा, की कुठलीही जमीन मोजायची तर तिच्या मालकाला आधी नोटीस द्यायची आणि मोजणीच्या दिवशी जागेवर उभं राहून त्याच्या नावाने तीनदा पुकारा करायचा. आला तर त्याच्या समक्ष मोजायचं, नाही आला तर ‘गैरहजर’ लिहून मोजायचं. नानांनी हा नियम आयुष्यात मोडला नव्हता आणि किल्ल्यासाठीही मोडणार नव्हते. त्यांनी घरच्या कागदावर, माझ्या अक्षरात, नोटीस काढली: ‘किल्लेदार, राहणार सदर किल्ला, यांस.’ ती वाटेवरच्या उंबराला चिकटवली. पंधरा दिवस थांबले. सोळाव्या दिवशी रविवार होता. माथ्यावर उभं राहून, टोपी सारखी करून, नानांनी मोठ्यांदा पुकारलं, “किल्लेदार हजर आहेत का?”

वारा होता. खाली कुठंतरी गाय हंबरली.

“किल्लेदार हजर आहेत का?”

मी वहीत ‘गैरहजर’चा ‘गै’ काढून ठेवला.

“किल्लेदार हजर आहेत का?”

“हाय की,” गवतातून आवाज आला.

मी कबूल करतो, माझ्या हातून वही पडली. गवत पुरुषभर वाढलेलं होतं. त्यातून लंगोट सारखा करत एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. हातात विळा, कानामागे बिडी.

“कोन इचारतंय?” तो म्हणाला.

मी हादरलो होतो, पण नानांचा चेहरा बदलला नाही. उलट पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी वेळेवर हजर राहिलं, अशा समाधानाने त्यांनी वही पुढे घेतली.

“आपण किल्लेदार?”

“मंग? माझा बाप, त्याचा बाप, त्याचा आजा, समदे हितलेच. दसऱ्याला वर येऊन नारळ आमीच फोडतो. गावात दुसऱ्या कोनाचा मान न्हाय.”

“पुरावा?”

म्हाताऱ्याने विळ्याने एका खडकामागे दाखवलं. “करवंट्या पडल्यात, मोजा.”

नानांनी मला सांगितलं, “लिही. पुरावा: करवंट्या.” मग म्हाताऱ्याला म्हणाले, “मोजणीला काही हरकत?”

“हाय. नोटीस वाचून घेतली मी पोराकडनं. हरकत हाय.”

“कशाला?”

“गवताला.”

आणि मग तो खाली बसला आणि बिडी पेटवून जे बोलला ते मी तेव्हा लिहून घेतलं होतं. या डोंगराचं गवत अख्खं गाव कापतं. पेंढ्या बांधून खाली नेतात, तिथून ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना जातात. तेवढ्यावर गावाचं वर्ष निघतं. “सायेब, तुमी मानूस बरं दिसता,” म्हातारा म्हणाला, “पन आमी बघितलंय. आधी साखळी येते, मागनं तार येते. पल्याडचा डोंगर असाच मोजला. आता तिथं फाटक हाय, फाटकाला पाटी हाय आनि फाटकाशी मानूस हाय, आनि आमच्या गाईला वाचता येत न्हाय.”

 पल्याडचा डोंगर नानांनीच मोजला होता.

नानांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने म्हाताऱ्याला तंबाखू देऊन वाटेला लावला असता. नानांनी त्याची हरकत शब्दशः उतरवून घेतली, अंगठा घेतला, आणि खाली स्वतः लिहिलं: ‘किल्ला नोंदल्यास गवत कापण्याची गावाची जुनी वहिवाट त्याच नोंदीत लिहावी.’ अर्ज तेव्हा ठाण्याला जायचा होता; तो कागद त्यांनी त्या अर्जाला पोतं शिवायच्या दाभणाने असा शिवला की एक फाडल्याखेरीज दुसरा वेगळा निघू नये. म्हाताऱ्याला तसं सांगितलंही. म्हातारा म्हणाला, “कागद बरा हाय. पन गाय कागद खाती.”

“आणि दरवाजा कुठं आहे, म्हातारबा?”

“न्हाय ठावं.”

“किल्लेदाराला स्वतःचा दरवाजा ठाऊक नाही?”

“आमी दुसरीकडनं येतो,” म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून दर रविवारी म्हातारा आमच्या मागे. आम्ही एक झुडूप बाजूला केलं की हा तिथं विळा घेऊन उभा. तोंडाने मदत, मनाने पहारा. पण दोघांचं जमलं मात्र छान. जेवताना नाना त्याला अर्धी भाकरी देत आणि तो नानांना उखळातली चटणी. चटणी खाता खाता भांडण.

“किल्लेदार, खरं सांगा, पूर्वेला आहे ना?”

“पूर्वेला साप हाय.”

“मागच्या रविवारी साप पश्चिमेला होता.”

“तो तवा. साप काय नोकरीला हाय, एका जागी बसाया?”

इथं ती दुसरी युक्ती आली. नानांच्या लक्षात आलं, की आम्ही काही ठरावीक जागी गेलो की म्हातारा खोकतो. अस्वस्थ होऊन खोकतो. नानांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “प्रत्येक खोकला नकाशावर टिंबाने दाखव. जोराचा असेल तर टिंब मोठं.” असा मी एक महिना खोकल्यांचा नकाशा करत होतो. सरकारी नोकरीत मी पुढे बरेच नकाशे काढले, पण इतकं मन लावून एकही नाही. टिंबं डोंगराच्या उत्तर कडेला दाटू लागली. नानांचे डोळे चमकू लागले. आणि मग एका रविवारी म्हातारा सकाळपासून, पायथ्यापासून, सलग खोकत वर आला. माथाभर खोकला. जेवताना खोकला. झोपून खोकला.

नानांनी माझ्या हातातला नकाशा पाहिला. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखा तो दिसत होता.

“कळलं याला,” नाना म्हणाले. आणि मग जरा अभिमानाने, “हुशार आहे. किल्लेदारच असणार.”

आता पाहणीच्या दिवसाकडे येतो. त्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला थांबून कोणाचं समाधान करत बसावं लागणार नाही: उखळ्याचं गवत आजही गावच कापतं, तिथं तार नाही, फाटक नाही, आणि गाईंना अजूनही वाचता येत नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. गवताची कापणी झालेली. ठाण्याचे साहेब जीपने गावापर्यंत आले, पायात बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. हेडक्लार्क त्या दिवशी रजेवर होते. रजेच्या अर्जात कारण एकाच शब्दात दिलं होतं, ‘गुडघे’. नाना, मी आणि साहेब वर निघालो. साहेब तासाभरात वर पोचले आणि घाम पुसत म्हणाले, “हं, दाखवा तुमचा किल्ला.”

नानांनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

माथ्यावर किल्ला नव्हता. माथ्यावर गंजी होत्या. गवताच्या पेंढ्या रचून केलेल्या, सुबक, घट्ट, पुरुषभर उंच गंजी. टाकी होती तिथं गंजी. तोंडावर बांबू आडवे टाकून वर रचलेली, म्हणजे कोणी आत पडूही नये. उखळांच्या खडकावर लांबलचक गंजी. जोत्यावर गंजी, पायऱ्यांवर गंजी, तटावर गंजी, बुरुजावर गोल गंजी. भिवंडीकडच्या माणसाला गंज रचायला शिकवावं लागत नाही, पण हे काम पाहून मला टोपी काढावीशी वाटली. मधल्या मोकळ्या जागेत गावातले वीस-पंचवीस लोक हात जोडून उभे होते, आणि सर्वांत मोठ्या गंजीवर, उत्तर कडेला, मांडी घालून म्हातारबा बसला होता. त्या दिवशी त्याने धोतर नेसलं होतं.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“गवत, सायेब,” म्हातारा वरून म्हणाला.

“ते दिसतंय. पण गंजी गावात रचतात. डोंगरावर कशाला?”

“वारा लागतो. बेस वाळतंय.”

मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता मटकन खाली बसणार. दोन वर्षांचे रविवार, दोन वर्षांची चार कड्यांची वजाबाकी, सगळं गवताखाली. पण नाना बोटाने गंजी मोजत होते. पुन्हा एकदा मोजल्या. मग माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता.

“अकरा,” ते कुजबुजले.

“मग?”

“अरे, आपल्याला सातच ठाऊक होत्या. यांनी अकरा लपवल्या.”

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लपाछपीत राज्य असलेल्या पोराला एकदम सगळे गडी दिसावेत तसा. चार नव्या वस्तू, जागेवर, मालकाने स्वतः खुणा करून दिलेल्या. खोकल्यांच्या नकाशाने जे दिलं नाही ते गवताने दिलं. आणि त्यातली सर्वांत मोठी वस्तू कोणाच्या बुडाखाली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“मग साहेबांना सांगा ना,” मी म्हणालो.

नाना पुढे झाले. मला वाटलं, आता सांगणार. त्यांनी म्हाताऱ्याकडे मान वर करून विचारलं, “किल्लेदार, गंजी बाजूला घ्यायची परवानगी आहे?”

“न्हाय.”

“परवानगी नाही, साहेब,” नाना साहेबांना म्हणाले.

“अहो, परवानगी कसली? चार माणसं लावा आणि उचला.”

“रचलेला माल मालकाच्या संमतीखेरीज हलवता येत नाही. सत्तावीस वर्षांत मी कोणाच्या उभ्या पिकात पाय टाकलेला नाही.”

“मग मला दरवाजा कसा दिसणार?”

“दिसणार नाही,” नाना प्रामाणिकपणे म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते मला म्हणाले, “पंचनामा लिहा.” आणि फेऱ्या मारत सांगू लागले. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहू लागलो. नाना माझ्या शेजारी उभे होते. एका ठिकाणी माझा हात अडला तेव्हा ते हळूच म्हणाले, “लिही. साहेबांना जे दिसलं तेच लिहायचं असतं. मी तेवढंही पाहिलं नव्हतं.” आवाज नेहमीचाच होता, पण छत्री त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

पंचनामा लिहून झाला की तो पंचांना मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, त्यांना समजेल अशा भाषेत, आणि मग त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे असतात. हाही नियमच. साहेबांना घाई होती, ते म्हणाले, “घ्या अंगठे आणि चला.” पण नाना म्हणाले, “वाचून दाखवल्याखेरीज नाही, साहेब.” मी उभा राहिलो. गावकरी जवळ सरकले. म्हातारा वरून कान देऊन ऐकू लागला. मी खणखणीत आवाजात वाचलं:

“‘समक्ष पाहणी केली असता डोंगरमाथ्यावर गवताव्यतिरिक्त काहीही आढळून आले नाही. सबब येथे किल्ला असल्याचे म्हणणे निराधार दिसते.’”

गावकऱ्यांनी माना डोलावल्या. म्हातारा समाधानाने बिडी शोधू लागला.

“‘फार तर पूर्वी येथे गुरांचा गोठा असावा.’”

म्हाताऱ्याचा हात कानाशी थांबला.

“‘सदर ठिकाणी स्वतःस किल्लेदार म्हणवणाऱ्या इसमाचे वाडवडील हे त्या गोठ्यावर शेण काढणारे असावेत. पोटखराबा हा शेरा योग्य असून कायम करावा.’”

 एक जण खाली मान घालून हसला, आणि ते हसणं म्हाताऱ्याला वर ऐकू गेलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. गावातल्या एका शहाण्या माणसाने खालून त्याच्या धोतराचा सोगा ओढला आणि दातांतल्या दातांत “आजा, गप ऱ्हा, आजा” असं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. म्हातारा गंजीवर ताडकन उभा राहिला, दोन्ही पायांखालच्या पेंढ्या लाथांनी उडवत, आणि अख्ख्या अंबाडीला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांवर ओरडला:

“शेन काडनारा कोनाला म्हनतंस रं? दोन बुरुजांच्या मधी वळनाचा दरवाजा कंच्या गोठ्याला असतो? ये हितं वर आनि बघ, सकाळधरनं त्याच्याच डोक्यावर बसलोय मी.”